फेकलेली फाईल आणि फाडलेली चिठ्ठी

नोकरीतील ताण हा हल्ली वारंवार कानी पडणारा विषय आहे. निवृत्तांच्या मेळाव्यांत त्यावर व्याख्याने होतात आणि नातवंडे संध्याकाळी कामावरून परततात ती हाच शब्द घेऊन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट' या अवस्थेची, व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून, आपल्या वर्गीकरणात दखल घेतली. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १९७९ साली, रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन अभ्यासकाने या ताणाची दोन मापे सांगितली होती : कामाचा बोजा किती, आणि त्या कामावर माणसाचा स्वतःचा ताबा किती. पुढील अभ्यासकांनी त्यांत तिसऱ्या मापाची भर घातली. ते म्हणजे सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा आधार.

हे तिसरे मापच आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. राज्य शासनाच्या महसूल खात्यात आमची तीन दशकांहून अधिक सेवा झाली. दुष्काळाची कामे, निवडणुकांच्या रात्री, वसुलीच्या मुदती यांनी आम्ही पुष्कळ दमलो. पण त्या दमण्याने कोणाची झोप कायमची उडाल्याचे आम्ही पाहिले नाही. झोप उडते ती शेजारच्या टेबलावरील माणसामुळे. नमस्काराला उत्तर येत नाही, आपण आत शिरताच चाललेले बोलणे थांबते, चहाच्या वेळी नेमके आपलेच नाव विसरले जाते. या गोष्टींची तक्रार लिहिता येत नाही, कारण लिहावयास बसले की त्या क्षुल्लक दिसू लागतात. दप्तरात त्यांच्यासाठी रकानाच नसतो.

दप्तरात जे मावत नाही ते साहित्यात मावावे अशी आपली अपेक्षा असते. मराठी साहित्यातील कचेरी मात्र बव्हंशी विनोदाची जागा झाली. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी'मधील धोंडो भिकाजी जोशी हा कारकून आपणां सर्वांचा लाडका आहे, आणि त्याच्या कंपनीतील माणसे आठवली की हसूच येते. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी 'बिढार' (१९७५) आणि त्यानंतरच्या कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील हा प्राध्यापक उभा केला. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जात राहणाऱ्या या माणसाच्या निमित्ताने सहकाऱ्यांमधील राजकारण मराठी कादंबरीत गंभीरपणे आले. तरीही कचेरीत एका माणसाला इतर माणसांनी काय सोसावयास लावले याचा आमच्या वाचनातील सर्वांत नेमका दस्तऐवज कथा-कादंबऱ्यांत नाही, आणि तो मराठीतही लिहिलेला नाही. तो आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा इंग्रजी लेखनात. त्यातील दोन प्रकरणांचे येथे एकत्र वाचन करण्याचा आमचा मानस आहे. पहिले आपल्या बडोद्याचे आहे आणि दुसरे मही नदीपलीकडील बोरसदचे.

हे लेखन बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. त्यांच्या हस्ताक्षरातील मजकुरावरून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने छापले आणि महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात (१९९३) त्याचा समावेश झाला. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे कसे समजावे, हा त्यामागील प्रश्न आहे. व्यवस्थेचे सर्वसाधारण वर्णन करण्याऐवजी प्रसंग सांगण्याचा मार्ग लेखकाने पत्करला आहे. प्रकरणे सहा आहेत. पहिली चार स्वतःच्या अनुभवांची, शेवटची दोन इतरांच्या अनुभवांची. हे लेखन १९३५-३६च्या सुमारास झाले असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु सहाव्या प्रकरणात मुंबईस दादर येथे ६ मार्च १९३८ रोजी भरलेल्या सभेचा उल्लेख आहे. तेव्हा निदान ते प्रकरण त्यानंतरचे आहे, हे उघड आहे. ही बाब तारखेपुरती नाही. स्वतःची हकीकत लिहून झाल्यावर पुढे केव्हातरी बाबासाहेबांनी दुसऱ्या एका नोकरदाराची हकीकत तिला आणून जोडली, असा तिचा अर्थ आम्ही घेतो, आणि आमचे सारे विवेचन या जोडणीवर उभे आहे.

प्रथम बडोद्याचे प्रकरण पाहू. हकीकतीची रूपरेषा आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची असा करार होता. १९१७ साली, लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून, ते करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला तो मुक्कामाचा. हिंदू खाणावळी दार उघडणार नाहीत, हे ठाऊक होते. शेवटी पारशांच्या धर्मशाळेत, तेथील व्यवस्थापकाच्या संमतीने, पारशी नाव नोंदवून ते राहिले. रोजचा आकार दीड रुपया ठरला. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी गृहस्थ काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. दोन मित्रांकडे विचारणा झाली, ती व्यर्थ गेली. रात्री नऊच्या गाडीपर्यंतचे तास कामाठी बागेत काढून ते मुंबईस परतले.

टीकाकाराच्या नजरेने वाचताना प्रथम जाणवतो तो तपशिलांचा निवडकपणा. परतीच्या सालाबाबत लेखनात घोळ आहे आणि ते चरित्रकारांच्या १९१७शी जुळत नाही. परंतु सकाळचा चहा कोण आणून देई, जेवण किती वाजता येई, मोडक्या खुर्च्या व बाके भरलेला तो मोठा दिवाणखाना, त्यातील वटवाघळे, व्यवस्थापक संध्याकाळी वर आणून ठेवी तो कंदील, हे सारे वीस वर्षांनंतरही जसेच्या तसे आहे. उरलेले सामान घेऊन मुंबईहून आलेला भाचा मामाची ही अवस्था पाहून मोठमोठ्याने रडू लागला आणि त्याला तत्काळ परत पाठवावे लागले, हेही एका वाक्यात येऊन जाते. साल विसरते आणि कंदील विसरत नाही. ताण असाच स्मरणात राहतो.

मात्र या प्रकरणात एक गोष्ट जवळजवळ नाहीच, आणि तिच्या अभावाकडे आमच्या समजुतीप्रमाणे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती गोष्ट म्हणजे कचेरी. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत आपली उमेदवारीवर नेमणूक झाली, सकाळी दहाच्या सुमारास आपण बाहेर पडत असू आणि रात्री आठला परतत असू, एवढेच लेखक सांगतो. मधल्या दहा तासांत काय घडले त्याविषयी अक्षर नाही. आपणांस ते ठाऊक आहे ते चरित्रकारांमुळे. धनंजय कीर यांच्या चरित्राने (इंग्रजी १९५४, मराठी १९६६) ती माहिती घरोघर पोचविली : पट्टेवाले कागद आणि फायली हाती न देता लांबून टेबलावर टाकीत, जाण्यासाठी ते उठले की चटया गुंडाळल्या जात, कचेरीत पिण्याचे पाणी मिळत नसे. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमले होते आणि पुढे अर्थमंत्रिपदासाठी तयार करण्याचा त्यांचा मनोदय होता, असेही कीर लिहितात. एवढ्या मोठ्या मनोदयाचा शेवट एका पट्टेवाल्याच्या हाताशी झाला.

बाबासाहेबांनी स्वतः कचेरी का गाळली? एक उत्तर सोपे आहे. प्रकरणाचा विषय मुक्कामाची जागा हा होता आणि लेखक विषय सोडून गेला नाही. हे उत्तर अमान्य करण्याचे कारण नाही, पण ते पुरेसे नाही. त्याच प्रकरणात ते आपल्या नोकरीच्या आशेविषयी लिहितात. महायुद्धाचा काळ होता, इतर ठिकाणी चांगल्या जागा मिळण्याजोग्या होत्या, लंडनमध्ये वजनदार माणसांच्या ओळखी होत्या. तरीही ज्याने शिकविले त्याची चाकरी प्रथम, या भावनेने ते बडोद्यास आले होते. म्हणजे नोकरी मनात होतीच. ज्या खोलीत ती नोकरी करावयाची त्या खोलीविषयी मात्र मौन आहे.

या मौनाने आपल्या बडोदेकरांची मोठी सोय केली आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. कामाठी बागेतील, म्हणजेच सयाजी बागेतील, ती जागा आता संकल्पभूमी म्हणून मान्यता पावली आहे. दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे दूरदूरहून लोक येतात. मूळ लेखनात बागेतील त्या तासांचे वर्णन अगदी साधे आहे. मन कधी रिकामे, कधी खिन्न, आणि दुःखात सापडलेल्या मुलाला व्हावी तशी आई-वडिलांची आठवण. संकल्पाचा अर्थ त्या तासांना पुढील आयुष्याने दिला, आणि तो योग्यच आहे. पण बागेची आणि धर्मशाळेची गोष्ट सांगताना आपण कचेरीची गोष्ट झाकून ठेवतो. धर्मशाळा इतरांची होती. कचेरी आपली होती. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील आपल्या वाड्यांतून सकाळी पगडी बांधून बाहेर पडणारी माणसे त्या कचेऱ्यांत बसत. कारकून आपले, शिरस्तेदार आपले, अधिकारी आपले. ज्या टेबलावर ती फाईल येऊन पडली, त्याच्या शेजारच्या टेबलावर कोण बसले होते? त्याने मान वर केली काय? हे प्रश्न आपल्या घरच्या आठवणींत कधी आलेले नाहीत. आमच्या घरी पणजोबांच्या चाकरीच्या अनेक गोष्टी सांगितल्या जात. महाराजांची शिस्त, दसऱ्याची स्वारी, पोशाखाचा मान हे सारे त्यांत असे. ही एक गोष्ट नसे.

आता सहाव्या प्रकरणाकडे वळू. दादरच्या सभेत, इंदुलाल याज्ञिक यांच्या अध्यक्षतेखाली, सफाईचे काम करणाऱ्या जातीतील एका तरुणाने आपली हकीकत सांगितली. ती त्याच्याच शब्दांत तेथे दिली आहे. त्याचे नाव ग्रंथात आहे. आम्ही मात्र त्याला तलाठी असेच म्हणणार आहोत, कारण तेवढे एकच म्हणवून घेणे त्याला नाकारले गेले.

तलाठी १९३३ साली व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झाला. मुंबई पालिकेच्या शाळाखात्यात शिक्षकाची जागा मिळाली नाही. मग रीतसर अर्ज करून १९ फेब्रुवारी १९३६ रोजी तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातील बोरसदच्या मामलतदार कचेरीत तलाठी म्हणून त्याची नेमणूक झाली. बोरसद आज आणंद जिल्ह्यात आहे. हुकूम घेऊन तो कचेरीत गेला तेव्हा कारकुनाने त्याला दूर उभे राहावयास सांगून कागद जमिनीवर टाकावयास लावले आणि मग ते उचलले. बडोद्यात कागद टेबलावर टाकला जात होता, बोरसदला जमिनीवर. दोन्ही ठिकाणी अंतर राखण्याचे काम कागदानेच केले.

पाण्याचा तपशील तर प्रत्येक जुन्या कारकुनाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याची भांडी असत आणि ती सांभाळणारा पाणक्या असे. तो नसला तर इतर कारकून हाताने पाणी घेत. तलाठ्याला भांड्याला शिवण्याची मनाई होती. त्याच्यासाठी एक गंजके भांडे निराळे ठेवलेले होते. पाणक्याने वरून ओतले तरच पाणी, आणि तलाठी येताना दिसला की पाणक्या तेथून नाहीसा होई. पाण्याविना गेलेले दिवस थोडे नव्हते. राहण्यास जागा मिळेना. सकाळ-संध्याकाळ भजी विकत घेऊन गावाबाहेर एकांतात खावी आणि रात्री कचेरीच्याच ओट्यावर निजावे, असे चार दिवस गेले. मग तो आपल्या पूर्वजांच्या गावी, जेंत्राल येथे, राहावयास गेला आणि रोजची अकरा मैलांची पायपीट सुरू झाली. दीड महिन्यानंतर त्याला काम शिकण्यासाठी एका अनुभवी तलाठ्याच्या हाताखाली दिले. त्या गृहस्थाने दोन महिन्यांत काहीही शिकविले नाही.

एके दिवशी लोकसंख्येचा तक्ता करण्यासाठी त्याला सैजपूरला बोलाविले गेले. गावकचेरीत मुखी आणि तो तलाठी काम करीत बसले होते. याने दारात उभे राहून नमस्कार केला. दोघांनीही मान वर केली नाही. पंधरा मिनिटे तो उभाच होता. मग जिवाला कंटाळलेला, अपमानाने संतापलेला हा तरुण तेथे पडलेल्या खुर्चीवर बसला. मुखी आणि तलाठी एक शब्द न बोलता उठून निघून गेले. थोड्याच वेळात जमाव आला. त्याचा पुढारी होता गावच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल. खुर्ची त्याची होती. १९१०पासून मध्यवर्ती ग्रंथालयाचा आणि गावोगावच्या वाचनालयांचा अभिमान बाळगणाऱ्या आपणां बडोदेकरांस हा तपशील टोचल्याशिवाय राहणार नाही. सुशिक्षित माणूस जमावाच्या पुढे का, असा प्रश्न त्या तलाठ्यालाही पडला होता.

रावणियाने, म्हणजे गावच्या सेवकाने, त्याला उठवून खुर्ची काढून नेली. तो जमिनीवर बसला. शिव्या सुरू झाल्या, धारियाने तुकडे करण्याच्या धमक्या सुरू झाल्या. विनवण्यांचा उपयोग होईना, तेव्हा त्याला एकच सुचले. त्याने रावणियाकडून कागद मागून घेतला आणि आपल्या फाउंटन पेनने मोठ्या अक्षरांत मामलतदारांना अर्ज लिहिला. आज आपल्यावर मृत्यूची वेळ आली आहे, आई-वडिलांचे ऐकले असते तर असे न होते, त्यांना ही खबर द्यावी, असा त्याचा आशय. ग्रंथपालाने तो वाचला आणि फाडून टाकावयास सांगितला. त्याने फाडला. नोकरी सोडण्याचे वचन दिल्यावरही त्याला संध्याकाळी सातपर्यंत बसवून ठेवले. नंतर त्याने पंधरा दिवसांची रजा घेतली आणि तो मुंबईस आई-बापांकडे परतला.

येथे हकीकत संपते आणि लेखनही संपते. बाबासाहेब तिच्यावर एका वाक्याचेही भाष्य करीत नाहीत. महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला त्या मृत्युपत्राची रीत पाहून गलबलून येते. प्राण जाण्याच्या क्षणीही हा नवशिका तलाठी वरिष्ठांना नम्र वंदनपूर्वक, रीतसर मायन्याने लिहितो. त्याचा व्यवस्थेवरील विश्वास गावाने त्याला मारण्याच्या तयारीत असतानाही सुटलेला नाही. आणि फाडला जातो तो नेमका हाच कागद. मामलतदार कचेरीच्या दप्तरात त्या दिवसाची नोंद काय राहिली असेल? तलाठी पंधरा दिवसांच्या रजेवर, एवढीच.

आमचे म्हणणे असे की सहावे प्रकरण हा दुसऱ्या प्रकरणाचा गाळलेला भाग आहे. बाबासाहेबांनी स्वतःच्या कचेरीविषयी जे लिहिले नाही, ते एका तलाठ्याच्या तोंडून लिहिले. स्वतः विलायतेत शिकलेले, महाराजांच्या मर्जीतले. आपल्या कचेरीतील अपमान सांगितला असता तर वाचकाने तो एका मोठ्या माणसाच्या मानापमानाचा प्रश्न समजला असता. शिक्षण इयत्तांपुरते, हुद्दा सर्वांत खालचा, अशा माणसाच्या बाबतीत तो पाण्याचा, भाकरीचा आणि प्राणाचा प्रश्न होतो, आणि त्याचे खरे स्वरूप दिसते. हा आमचा तर्क आहे, लेखकाने तसे कोठे म्हटलेले नाही. परंतु दोन्ही प्रकरणे लागोपाठ वाचली असता त्यांच्यातील साम्य योगायोगाचे वाटत नाही.

ते साम्य अपमानाच्या प्रकारात आहेच, त्याहून अधिक ते अपमान करणाऱ्यांच्या वागण्यात आहे. या दोन प्रकरणांत ज्याची जबाबदारी आहे तो माणूस ऐन वेळी हजर नसतो. बडोद्यातील हिंदू मित्र आश्रय नाकारताना स्वतःचे मत सांगत नाही. तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो सांगतो. ख्रिस्ती मित्राला पत्नीचा विचार घ्यावयाचा असतो. बोरसदचा पाणक्या सटकतो. सैजपूरचे मुखी आणि तलाठी मुकाट्याने उठून जातात आणि रात्र होईपर्यंत फिरकत नाहीत. पट्टेवाला फाईल फेकतो, पण त्याच्या मागे असलेला अधिकारी आपल्याला दिसतच नाही. वरचा माणूस खालच्या माणसाच्या आडोशाला उभा राहतो. जुलूम करणारे मोजता येतात, निघून जाणारे मोजता येत नाहीत. निरोपाच्या वेळी समोर उभा राहतो तो एकटा धर्मशाळेचा व्यवस्थापक. तो बिलाचे पैसे घेतो आणि काही बोलत नाही. त्याचे मौन निराळे आहे, कारण तो निघून गेलेला नाही. म्हणून प्रकरणातील ते दृश्य इतके हृद्य उतरले आहे.

सयाजीरावांचे औदार्य यामुळे उणे ठरत नाही. १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाचा हेतू शंकेच्या पलीकडे आहे. पण राजाचा हुकूम माणसाला खुर्चीपर्यंत आणू शकतो. त्या खुर्चीवरचे दहा तास सुसह्य करणे राजाच्या हाती नसते, ते शेजारच्याच्या हाती असते. हे सत्य राज्यघटनेच्या सतराव्या कलमानंतर आणि १९५५च्या अस्पृश्यताविषयक कायद्यानंतरही बदललेले नाही.

मराठी कथेने हा धागा पुढे नेला, आणि विशेष असे की तोही गुजरातच्या भूमीवर. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा सुरतेकडील रेल्वेच्या नोकरीतली आहे. तिचा नायक खोलीसाठी जात लपवितो. त्याच्या वाचनाने आणि बुद्धीने भारावलेला सहकारी त्याला मान देतो. जात उघड होताच तीच माणसे त्याला मारतात, आणि सोडवावयास धावतो तो जात न लपविणारा काशीनाथ. पारशी नाव धारण करून राहिलेल्या भीमरावांची आठवण येथे अपरिहार्य आहे. मात्र बागूल यांचा आवाज पेटलेला आहे, बाबासाहेबांचा तपासनिसासारखा थंड. कथेत प्रक्षोभ हवा हे आम्हांस मान्य आहे. तरी कचेरीतला ताण जसा असतो तसा, लहान लहान नोंदींनी साचत जाणारा, त्या थंड गद्यातच अधिक पकडला गेला आहे असे आमचे मत आहे.

समीक्षा येथे संपावयास हवी. पण निघून जाणाऱ्यांविषयी एवढे लिहिल्यावर स्वतःविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आरक्षणविरोधी आंदोलनांची १९८१ आणि १९८५ ही दोन वर्षे गुजरातेतील प्रत्येक शासकीय कचेरीने अनुभवली आहेत. त्याच सुमारास आम्ही ज्या कचेरीत होतो तेथे एक तरुण नवीन कारकून दाखल झाला. कोणी त्याच्यावर काही फेकले नाही, कोणी अपशब्द बोलले नाही. चहा येई तेव्हा पेले एकाने कमी येत, एवढेच. पहिल्या दिवशी तो चुकून कमी आला असावा असे आम्ही मानले. पुढे तो रोजच चुकू लागला. तो तरुण चहाच्या वेळी खाली जाऊन येई आणि आम्ही आमच्या पेल्यातील चहा संपवीत असू. आठ महिन्यांनी त्याने बदलीचा अर्ज केला. कारणाच्या जागी लिहिले होते : कौटुंबिक. अर्ज आमच्याकडे शिफारशीसाठी आला. कारण खोटे आहे हे आम्हांस ठाऊक होते, आणि आम्हांस ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. आम्ही शिफारस केली. त्यात आपण त्याचे भलेच करीत आहोत असे आम्हांस त्या वेळी मनापासून वाटले.

अनेक वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चे शेवटचे पान वाचताना तो अर्ज आठवला. सैजपूरच्या तलाठ्याने खरे कारण लिहिले होते, म्हणून त्याची चिठ्ठी फाडावी लागली. आमच्या कचेरीतील कारकुनाने ते लिहिलेच नाही, म्हणून त्याचा अर्ज नीट टाचून फायलीत लागला. पन्नास वर्षांत झालेली प्रगती एवढीच. त्या अर्जाखाली आमची सही आहे.

बडोद्याच्या जुन्या मराठी घराण्यांनी या शहराचा इतिहास प्रेमाने जपला आहे आणि आम्हीही त्यांपैकीच आहोत. संकल्पभूमीवर गर्दी असते, तेथे आपण गेलो नाही तरी ती उणी पडत नाही. पण कचेरीतून परतलेल्या आपल्या मुला-नातवंडांना, आज कोणाचा पेला कमी आला होता का, हे विचारणे आपल्याच हाती आहे. हे दोन अध्याय वाचून आम्ही ते विचारू लागलो आहोत. उत्तर देण्यापूर्वी ती क्षणभर गप्प राहतात.